तळघरातील हत्यारांचे वय वाचायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काकांस,

सादर नमस्कार.

आमच्या तळघरातील पेटीची नोंदवही गेल्या रविवारी पूर्ण झाली. एकूण ४३ हत्यारे आहेत, आणि त्यांपैकी ३६ हत्यारांपुढे ‘या वर्षाच्या आधीचे नाही’ आणि ‘बहुधा या वर्षानंतरचे नाही’ अशा दोन्ही रकान्यांत आकडे आहेत. त्यांतला एकही आकडा आपल्या मदतीवाचून तेथे आला नसता. समोरासमोर आभार मानायला लागलो की आपण विषय बदलता, म्हणून हे पत्र लिहितो आहे. ते सर्वांना वाचता येईल असे लिहिण्याचे कारण इतकेच की, मॅसॅच्युसेट्समध्ये जुनी घरे विकत घेणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या तळघरात आधीच्या मालकांची अशी एखादी पेटी पडून असते, आणि पुष्कळदा ती पहिल्याच वसंतात भंगारात जाते. आमचीही जाणार होती. घराच्या पूजेला आपण आलात, जिन्याखाली पेटी पाहिलीत, झाकण उघडून काही वेळ नुसते पाहत राहिलात आणि म्हणालात, “हे टाकू नका. मी शनिवारी येतो.” त्यानंतर दोन हिवाळे आपण बहुतेक प्रत्येक शनिवारी आलात.

पहिल्या शनिवारच्या आधी मी जे केले ते येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. आपल्याला दाखवायला काहीतरी स्वच्छ असावे म्हणून मी एका छोट्या रंध्यावर ड्रिलला लावलेला तारेचा ब्रश फिरवला. गंज गेला, आणि त्याबरोबर बिडावर भाजून बसवलेला काळा लेप आणि पाते दाबून धरणाऱ्या दाबपट्टीवरचा निकेलचा मुलामाही गेला. आपण तो रंधा हातात घेतलात, रागावला नाहीत, फक्त म्हणालात की या लेपाच्या पोतावरून आणि मुलाम्यावरून जे कळले असते ते आता कोणालाच कळणार नाही. पुढच्या खेपेला आपण मऊ कापड, हलके तेल, पांढरा खडू आणि टॉर्च घेऊन आलात. पुसट झालेल्या ठशावर खडू चोळून वरचा थर हलकेच पुसायचा आणि दिवा समोरून न धरता अगदी आडवा धरायचा, म्हणजे खाचेत राहिलेली पांढरी अक्षरे उठून दिसतात, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. ज्या पान्यावर मला फक्त गंज दिसत होता त्यावर त्या आडव्या उजेडात ‘वूस्टर’ हे गावाचे नाव उमटले, आणि ते कोज यांचे मंकी रेंच असल्याचे आपण सांगितलेत. लॉरिंग कोज यांनी १८४१ मध्ये ज्या रचनेचे पेटंट घेतले, तिचा तो वारस आमच्या घरापासून अर्ध्या तासाच्या अंतरावर घडवला गेला होता.

पण ज्या एका हत्याराने मला खरे शिक्षण दिले तो स्टॅन्ली कंपनीचा ५ क्रमांकाचा रंधा. पाते ज्या तिरप्या बिडाच्या आधारावर टेकते, त्या ‘फ्रॉग’च्या मागे तीन तारखा ओतलेल्या होत्या: २५ मार्च १९०२, १९ ऑगस्ट १९०२ आणि १९ एप्रिल १९१०. पहिली तारीख वाचून मी वहीत मोठ्या अक्षरांत ‘१९०२’ लिहिले होते. आपण ते खोडले नाहीत. समोर बसवून विचारलेत की, ज्या कारागिराने हे बीड ओतले त्याला १९१० मधली तारीख १९०२ मध्ये कशी ठाऊक असेल? पेटंटची तारीख ही हत्याराची जन्मतारीख नसते, ती फक्त त्याच्या आधीचा काळ बंद करते, आणि अनेक तारखा असतील तर सर्वांत उशिराची तीच कामाची, हे त्या एका प्रश्नाने माझ्या मनात कायमचे बसले. मग वरची मर्यादा कशी शोधायची तेही आपण दाखवलेत. पुढची मूठ बुटकी आहे, आणि १९१९ च्या सुमारास स्टॅन्लीने ती उंच केली. म्हणून रंध्याचे हे धड १९१० ते १९१८ मधले.

मी ‘धड’ म्हणतो, कारण आपण तेथेच थांबला नाहीत. पात्यावर हृदयाचा आकार आणि त्यात दोन अक्षरे होती. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीचे १९२० मध्ये त्याच गावातल्या स्टॅन्ली वर्क्समध्ये विलीनीकरण झाले, आणि त्या वर्क्सचे दीर्घकाळ अध्यक्ष राहिलेल्या विल्यम हार्ट यांच्या आडनावावरून हे हृदयाचे चिन्ह आले. ते साधारण १९३५ पर्यंत वापरात राहिले. म्हणजे पाते धडापेक्षा लहान वयाचे. पात्यावरच्या दाबपट्टीचे छिद्र जुन्या पट्ट्यांसारखे कुलपाच्या छिद्राच्या आकाराचे नव्हते, ते एका बाजूला वाकलेले होते. इंग्रजीत त्याला मूत्रपिंडाची उपमा देतात. आपण कोकणातले, आपण त्याला ‘काजू’ म्हणालात आणि आमच्या घरात आता तोच शब्द रूढ झाला आहे. हा काजू १९३३ च्या सुमारास आला. तीन भाग, तीन काळ. मला वाटले की कोणीतरी फसवणूक करण्यासाठी जोडजमाव केली असावी, आणि योग्य काळाचे सुटे भाग शोधून मी तो रंधा ‘शुद्ध’ करण्याच्या तयारीला लागलो होतो. आपण मला ठामपणे थांबवलेत. एका सुताराने पहिले पाते धार लावून लावून संपवले आणि वीस-तीसच्या दशकांत कधीतरी दुसरे घेतले, नंतर कधीतरी दाबपट्टी मोडली म्हणून नवी आणली, एवढे सगळे त्या रंध्यात लिहिलेले आहे, आणि भाग बदलले की ते पुसले जाईल, असे आपण म्हणालात. तो रंधा आजही तसाच आहे. वहीत त्याच्यापुढे तीन ओळी आहेत.

त्याच दिवशी पात्याची खोली कमी-जास्त करणारी पितळी चकती मी उलट्या बाजूने जोर लावून फिरवत होतो, तेव्हा आपण माझे मनगट धरलेत. तिचे आटे डावे असतात हे मला ठाऊक नव्हते. आणखी थोडा जोर लागता तर शंभर वर्षे टिकलेले आटे माझ्या हातून गेले असते.

पेटंटच्या आकड्यांचा हिशेब आपण एका कागदाच्या तुकड्यावर लिहून दिलात, तो मी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे. अमेरिकेत दहा लाखावे पेटंट ऑगस्ट १९११ मध्ये दिले गेले आणि वीस लाखावे एप्रिल १९३५ मध्ये. तेव्हा हत्यारावर तारखेऐवजी नुसता क्रमांक असला तरी त्याचे वर्ष ढोबळपणे लगेच हाती येते. १९२७ पासून कायद्याने तारखेऐवजी क्रमांकच छापणे अपेक्षित झाले, म्हणून केवळ तारीख ओतलेली असणे हीसुद्धा एक खूण आहे. पेटंटची मुदत १८६१ पासून १७ वर्षांची होती आणि ती सरल्यावर तो मजकूर ठेवण्याचे कारण उरत नसे. मात्र जुने साचे काही काळ चालत राहत, हे लक्षात ठेवून या खुणेवर बेताचाच भार टाकायचा, हेही आपण त्याच तुकड्यावर खाली लिहिले आहे. ‘बेताचाच’ या शब्दाखाली आपण दोन रेघा मारल्या आहेत.

करवतींच्या बाबतीत मी अधिक चुका केल्या. फिलाडेल्फियात हेन्री डिस्टन यांनी १८४० मध्ये सुरू केलेला कारखाना पुढे शहराच्या टॅकोनी भागात गेला आणि त्याच्या करवती देशभर पोचल्या. त्यांच्या मुठीवरच्या पितळी बिल्ल्यातले प्रत्येक अक्षर बोलते, हे आपण भिंगाखाली दाखवलेत. ‘डिस्टन आणि पुत्र’ या इंग्रजी मजकुरातला पुत्र एकवचनी असेल तर ती १८६५ ते १८७१ मधली. अनेकवचनी असेल तर त्यानंतरची. आमच्या करवतीवर शहराचे नाव ‘फिलाडा’ असे आखूड केलेले होते, त्यावरून ती बहुधा १९१७ नंतरची नाही असे ठरले. तो बिल्ला मुठीबरोबर दुसऱ्या करवतीवर जाऊ शकतो, म्हणून पात्यावरची अम्लाने कोरलेली नक्षी त्याच्याशी जुळते का ते पाहायचे, आणि ती पुसट असेल तर लाकडी ठोकळ्याला अगदी बारीक काचकागद लावून, सपाट हाताने, हळूहळू वर आणायची. दुसऱ्या करवतीच्या बिल्ल्यावर गरुड आणि ‘हमी, उत्कृष्ट’ अशा अर्थाचे दोन शब्द होते. मी त्या नावाचा कारखाना शोधण्यात तीन संध्याकाळी घालवल्या. असे बिल्ले अनेक कारखान्यांच्या दुय्यम मालावर बसवले जात, ते कोणा एकाचे नाव नव्हे, हे आपण सांगितल्यावर वहीत त्या करवतीपुढे ‘कर्ता अज्ञात’ असे लिहिले.

बाकीच्या हत्यारांनी इतका वेळ घेतला नाही. दाबले की फिरणाऱ्या ‘यांकी’ दाब-पेचकसावर फिलाडेल्फियाच्या नॉर्थ ब्रदर्सचे एकट्याचे नाव होते, आणि स्टॅन्लीने ती कंपनी १९४६ मध्ये घेतली. त्याबरोबरच्या डबीत चार पाकळ्यांचे फिलिप्स टोक निघाले, ते पेच १९३६ च्या सुमारास मोटारींच्या कारखान्यात येऊ लागले, म्हणून ते टोक तरी त्याआधीचे नाही. ब्राउन अँड शार्पच्या मायक्रोमीटरवर ‘प्रॉव्हिडन्स’ हे गावाचे नाव आहे, आणि कारखाना १९६४ मध्ये नॉर्थ किंग्स्टाउनला गेला. कानशींच्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर पत्त्यात पाच आकडी पिनकोड छापलेला सापडला. तो अमेरिकेत १९६३ मध्ये सुरू झाला, आणि माझ्या मनातल्या ‘आजोबांच्या काळच्या’ त्या कानशी एका क्षणात तरुण झाल्या.

काटकोन तपासायच्या स्टॅरेटच्या गुण्याविषयी मात्र थोडे लिहिलेच पाहिजे. लारॉय स्टॅरेट यांनी ॲथॉल गावात १८८० मध्ये ज्या सरकत्या गुण्यावर कारखाना उभारला, त्याच वंशातला तो गुण्या पेटीच्या सर्वांत खालच्या खणात तेलकट कापडात गुंडाळलेला होता. आपण तो उघडलात आणि बराच वेळ बोलला नाहीत. मग सांगितलेत की वयाच्या एकोणिसाव्या वर्षी पुण्याजवळच्या एका टूलरूममध्ये आपण शिकाऊ उमेदवार असताना असा एकच संच होता, तो स्टोअरमध्ये कुलपात असे, पितळी टोकन जमा केल्यावर हाती येई आणि पाळी संपायच्या आत पुसून परत करावा लागे. त्यावरची ‘ॲथॉल, मॅसॅच्युसेट्स’ ही अक्षरे आपण तेव्हा पाठ केली होतीत, आणि पुढे त्याच राज्यात नोकरीसाठी आलात. गावाचे नाव कधी बदलले नाही म्हणून त्या खुणेवरून गुण्याचे वय ठरवता आले नाही. आपल्याला त्याची खंत वाटली नाही, मलाही नाही.

जुन्या वस्तूंच्या ब्रिमफिल्डच्या जत्रेविषयीही मी ऋणी आहे. मे, जुलै आणि सप्टेंबर अशा तिन्ही खेपांना पहाटेच्या ओल्या गवतात आपण माझ्या मुलीला बरोबर घेतलेत आणि तिला एकच नियम घालून दिलात: आधी हात लावायचा, मग वाचायचे, आणि किंमत सर्वांत शेवटी विचारायची. तिने एक ४ क्रमांकाचा रंधा उचलला, त्याची चकती पितळेऐवजी काळ्या कठीण रबराची होती आणि मुठीचे लाकूड साधे, रंगवलेले. मला तो हलका माल वाटला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ मध्ये, पितळ युद्धसामग्रीकडे वळवल्यामुळे असे रंधे निघाले हे आपण तिला तेथेच उभे राहून समजावलेत. शाळेच्या पुस्तकातले युद्ध तिला त्या चकतीत सापडले. तो रंधा तिच्या मेजावर आहे आणि त्याची नोंद तिने स्वतः केली आहे.

पेटीच्या मूळ मालकाने अनेक हत्यारांवर आपली आद्याक्षरे ठोकली आहेत. ती निर्मात्याची खूण समजून मी एकदा फसलो. नंतर आपणच सुचवलेत की त्यांचीही नोंद घ्यावी. ज्या हत्यारांवर अक्षरे सुबक आहेत ती बहुतेक जुनी निघाली, आणि ज्यांवर ठसा तिरका, दोनदा मारलेला आहे ती साधारण १९५० नंतरची. त्या माणसाचा हात थकत गेला असावा असा तर्क मी केला. आपण ‘असावा’ तसेच ठेवा म्हणालात, आणि वहीत ते तसेच आहे.

सात हत्यारांपुढचा एखादा तरी रकाना अजून रिकामा आहे. त्यांतल्या लाकडी पाणसळीवर नाव, गाव, तारीख, क्रमांक यांपैकी काहीच नाही. दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या, मधली काच शाबूत, बुडबुडा अजून अचूक मध्यावर येतो. अंदाजाने काहीतरी लिहावे असा मोह मला अनेकदा झाला, आणि प्रत्येक वेळी आपल्या हातच्या त्या दोन रेघा आठवल्या. ती जागा मी कोरी ठेवली आहे. मे महिन्यात ब्रिमफिल्डला जाताना ती पाणसळ आणि वही दोन्ही घेऊन पहाटे साडेचारला आपल्या दारी येईन. खडू आणि टॉर्च या वेळी माझ्याकडे असेल. आपण फक्त भिंग आणावे.

आपला ऋणी,
तळघराच्या पेटीचा सध्याचा राखणदार