खिशात मावणारा सूक्ष्मदर्शक

महोदय,

सूक्ष्मदर्शकाचा विषय निघाला की आपण सूक्ष्मजीव प्रथम पाहणाऱ्या लेवेनहूक या डच संशोधकापाशीच थांबतो. ही उपकरणे घडवून विकणाऱ्या कारागिरांची फारशी दखल घेतली जात नाही, याची खंत वाटते. लंडनच्या जेम्स विल्सनने १७०२ मध्ये रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेच्या नियतकालिकात वर्णिलेला खिशातला सूक्ष्मदर्शकच घ्या. अशा उपकरणासाठी हस्तिदंताच्या अरुंद पट्टीला गोल भोके पाडून, प्रत्येकात अभ्रकाच्या दोन पातळ चकत्यांमध्ये पिसवेचा पाय किंवा माशीचा पंख ठेवून त्यावर पितळी तारेचे कडे बसवीत. मग ती पट्टी नळीत सरकवून, आटे फिरवत, इवल्याशा भिंगातून उजेडाकडे पाहत. भिंग नेमक्या अंतरावर आणणाऱ्या त्या आट्यांचे मोल माझ्या मते शोधाइतकेच आहे. आपल्या विज्ञान पुरवणीत या कारागिरांवर अवश्य लिहावे, ही विनंती.

– एक वाचक, सांगली