स्थलांतराची दुसरी बाजूही दिसू द्या

पक्ष्यांच्या स्थलांतरावरील चित्रफितींतून मृत्यूची दृश्ये वगळावीत, हे रविवारच्या पुरवणीतील लेखातले मत पटले नाही. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी जाळ्यांत अडकलेल्या हजारो अमूर ससाण्यांचे चित्रण देशाने पाहिले. जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी पूर्व सैबेरिया, उत्तर चीनमधून निघतो, अरबी समुद्र न थांबता ओलांडतो आणि दक्षिण आफ्रिका गाठतो. वाटेत त्याची ही गत! ती दृश्ये पाहवत नव्हती. पण त्यांमुळेच हालचाल झाली, पांगटीचे गावकरी राखणदार बनले आणि २०१३ च्या हंगामात तिथली शिकार थांबली. नुसते देखणे थवे दाखवून हे घडले नसते. मुलांनाही हे दाखवावे, फक्त मोठ्यांनी शेजारी बसावे.

– एक पक्षीप्रेमी वाचक, पुणे