जमिनीचा मोबदला नवरा-बायको दोघांच्या नावे द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बुलेट ट्रेन, मुंबई–वडोदरा द्रुतगती मार्ग आणि आता वाढवण बंदर. पालघर जिल्ह्यातल्या भूसंपादनाच्या बातम्या आपल्या दैनिकात नेहमी येतात. दर काय ठरला, मोजणी कुठे अडली, कोणत्या गावाचा विरोध आहे, हे त्यांतून कळते. पैसे कोणाच्या खात्यात जमा झाले आणि त्यांचे काय करायचे हे त्या घरात कोणी ठरवले, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. बँकेच्या नोकरीत माझी बदली पालघर जिल्ह्यातल्या एका शाखेत झाली होती. बोरिवलीहून रोज गाडीने जाऊन-येऊन नोकरी केली. काउंटरच्या आतल्या बाजूने जे पाहिले, त्यावरून हे लिहिते आहे.

माझी मागणी एकच आहे. आदिवासी कुटुंबाच्या जमिनीचा मोबदला सातबाऱ्यावर नाव असलेल्या पुरुषाच्या एकट्याच्या खात्यात टाकू नका. तो नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात टाका, आणि दोघांच्या सह्यांशिवाय किंवा अंगठ्यांशिवाय रक्कम निघणार नाही अशी अट घाला.

मोबदला जमा झाला की जोडपे शाखेत येई. नवरा काउंटरवर, बायको मागच्या बाकड्यावर, कडेवर किंवा पायाशी मूल. दाराशी गावातलाच किंवा शेजारच्या गावातला एखादा ‘जाणकार’ माणूस मोटारसायकल लावून उभा. मी विचारायची, यातले मुदत ठेवीत किती ठेवायचे? नवरा आधी त्या दाराकडे बघायचा. बाकड्यावरच्या बाईकडे कधीच नाही. एकदा मी उठून बाकड्याजवळ गेले आणि एका वारली बाईंना तोच प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “बियाण्याचं विचारा मला. पैशाचं त्याला माहीत.”

त्यांच्या या बोलण्यात सगळे आले. वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी, कोणाच्याही पाड्यावर जा, शेतीचा संसार बाईला विचारल्याशिवाय चालत नाही. राब कधी भाजायचा, आवणीला, म्हणजे भाताच्या लावणीला, कोणाकडे कोणी जायचे, कणगीतले कोणते भात खायचे आणि कोणते बियाण्याला ठेवायचे, नागली-वरई वरकस जमिनीत किती पेरायची, कोंबडी कधी विकायची, हे तीच ठरवते. पावसाळ्याच्या तोंडाला शेवळे आणि करटोली घेऊन विरार-बोरिवलीच्या स्टेशनाबाहेर बसणारी बाईही तीच, आणि त्या विक्रीचे पैसे तिच्याच कनवटीला असतात. सातबाऱ्यावर तिचे नाव पूर्वीही नव्हते, हे खरे. पारंपरिक रूढीत जमीन बापाकडून मुलाकडे जाते, आणि हिंदू उत्तराधिकार कायदा अनुसूचित जमातींना लागू नसल्यामुळे 2005 च्या दुरुस्तीचा लाभही या मुलींना मिळाला नाही. आदिवासी समाजात बाईला सगळे अधिकार होते, असे गोड चित्र मला रंगवायचे नाही. पण जमीन कागदावर त्याची असली तरी ती कसताना तिला विचारावेच लागे. तिच्या हातांशिवाय आवणी होत नाही. त्याच जमिनीचे पैसे झाले की ते काढायला तिचे हात लागत नाहीत. एक सही पुरते.

‘आदिवासींना पैसे देऊन उपयोग काय, सगळे दारूत जातात,’ असे आपल्या मुंबईत सर्रास बोलले जाते. मला या बोलण्याची चीड येते. मी पाहिलेले बरेचसे पैसे घराच्या स्लॅबला, मुलाच्या पिकअप टेम्पोला, भावांच्या वाटण्यांना, लग्नाला आणि नातेवाइकांच्या हातउसन्यांना गेले. काही त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या ‘दामदुप्पट’ योजनेत गेले. यात वाईट वागण्यापेक्षा घाई अधिक होती. एवढी रक्कम आयुष्यात पहिल्यांदाच हातात आलेली, सल्ला द्यायला बाहेरचे दहा जण तयार, आणि वर्षभराचे धान्य पुरवून पुरवून वापरायची सवय जिला आहे ती मागे बाकड्यावर. स्लॅब पडला, टेम्पोचे हप्ते सुरू झाले, आणि भात दुकानातून विकत आणायची वेळ आली. मग तीच बाई बोईसरच्या कारखान्यात झाडूकामाला जाते, नाहीतर दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर. तिथेही उचल त्याच्या नावावर घेतलेली असते आणि हिशोब त्याच्याशी होतो. विटा दोघांनी थापलेल्या असल्या तरी.

बाजार आला की बाईच्या हातातले काम पुरुषाच्या नावावर जाते, हे वारल्यांच्याच बाबतीत आपण एकदा पाहिले आहे. लग्नातला चौक, म्हणजे भिंतीवरचे लग्नचित्र, सुवासिनी लिहायच्या, त्यात पालघट देवी बसायची, आणि लग्न लावायला धवलेरी, म्हणजे बाईच, असायची. 1970 च्या दशकात ही चित्रे भिंतीवरून कागदावर आली, विकली जाऊ लागली, आणि बहुतेक नावाजलेले वारली चित्रकार पुरुष झाले. जिव्या सोमा म्हसे यांची प्रतिभा मोठी होती. 2011 ची पद्मश्री त्यांना मिळाली याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या बायकांनी पिढ्यानपिढ्या चौक लिहिले, त्यांच्यापैकी कितींची नावे आपल्याला सांगता येतील?

कायद्याला हे सुचत नाही, असेही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्यात विवाहित व्यक्तीचा दावा मंजूर झाला तर पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवायचा, असे स्पष्ट लिहिले आहे. त्याच्या नियमांत 2012 मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला हव्यात. डहाणू, जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागांत असे संयुक्त पट्टे अनेक घरांत आहेत आणि त्याने कोणाचा संसार मोडला नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत मात्र एवढेच आहे की पुनर्वसनात दिलेली जमीन किंवा घर पती-पत्नीच्या संयुक्त नावे असू शकेल. ‘असू शकेल’, ‘असावे’ नव्हे. आणि रोख रकमेसाठी अशी कसलीच तरतूद नाही. बाजारभाव आणि त्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळून आयुष्यातली सर्वांत मोठी रक्कम जिथे हातात पडते, तिथेच बायकोचे नाव लागत नाही.

आपल्या मुंबईतले उदाहरण घ्या. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत करारनामा झोपडीधारक आणि त्याच्या जोडीदाराच्या संयुक्त नावाने करायचा, असे विकास नियंत्रण नियमावलीतच आहे. आमच्या सोसायटीमागच्या अशाच योजनेतल्या इमारतीत राहणाऱ्या, माझ्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी मला सांगितले की नवऱ्याने घर विकायचा विषय काढला तेव्हा ‘माझी सही मिळणार नाही’ एवढे एकच वाक्य त्या बोलल्या आणि विषय मिटला. दहिसर नाक्याच्या अलीकडे सरकारला जे जमते, ते वसई खाडीपलीकडे का जमू नये?

यावर मला दोन आक्षेप ऐकावे लागले आहेत. पहिला, की नवरा दमदाटी करून अंगठा उमटवून घेईल. घेईल, काही घरांत नक्की घेईल. म्हणून मी पुढे जाऊन म्हणते की निम्मी रक्कम किमान पाच वर्षांच्या मुदत ठेवीत राहावी आणि तिचे व्याज दरमहा तिच्या स्वतःच्या खात्यात जावे. असे व्याज देणाऱ्या ठेवी बँकांत आजही आहेत, नवे काही शोधायचे नाही. शिवाय अंगठ्यासाठी का होईना, तिला रक्कम सांगावी लागेल, शाखेत आणावे लागेल, आणि काउंटरवरची कर्मचारी तिच्याशी बोलेल. दुसरा आक्षेप म्हणजे हा आदिवासींच्या रूढींमध्ये हस्तक्षेप होईल. पण लाखांचा धनादेश ही कोणाचीच रूढी नाही. ती सरकारने नेलेली गोष्ट आहे, तेव्हा ती कशी न्यायची हेही सरकारनेच ठरवायचे आहे. आणि जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, रूढी सिद्ध झालेली नसताना केवळ बाई आहे म्हणून तिला किंवा तिच्या वारसांना वाटा नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आहेच.

लाडकी बहीण योजनेचे दरमहा 1,500 रुपये सरकार थेट बाईच्या खात्यात टाकते. त्या योजनेबद्दल आमच्या सोसायटीत नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, मी त्यांच्यात नाही. पैसे आले का, हे बघायला बायका स्वतः बँकेची पायरी चढतात, ही लहान गोष्ट नव्हे. म्हणजे खाते आहे, आधार जोडलेले आहे, रक्कम पोहोचवण्याची वाट तयार आहे. मग दीड हजार तिच्या खात्यात आणि जमिनीचे लाखो रुपये फक्त त्याच्या, हे कोणत्या न्यायाने?

पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आणि भूसंपादन अधिकाऱ्यांनी निवाड्याची रक्कम वाटताना संयुक्त खाते मागायला सुरुवात करावी आणि राज्य सरकारने तसा शासन निर्णय काढावा. आपल्यालाही विनंती आहे. यापुढे मोबदला वाटपाची बातमी येईल तेव्हा आपल्या वार्ताहराने धनादेश घेणाऱ्याच्या फोटोबरोबर त्याच्या बायकोलाही गाठावे, तिला रक्कम किती ते ठाऊक आहे का, आणि तिचे म्हणणे काय होते, एवढे दोन प्रश्न विचारावेत आणि तिचे उत्तर तिच्या शब्दांत छापावे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
बोरिवली (पश्चिम), मुंबई