साळगावकर–धेंपोच्या टेपा बुरशीला द्यायच्या का?

महोदय,

गेल्या महिन्यात माहेरचं कपाट आवरताना व्हीएचएसची एक टेप सापडली. तिच्यावर बाबांच्या अक्षरात 'साळगावकर–धेंपो, टिळक मैदान' एवढंच लिहिलेलं, साल नाही. म्हणजे गोव्यातल्या या दोन फुटबॉल क्लबांचा आमच्या वास्कोच्या मैदानावरचा सामना. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या शेजाऱ्याला बाबांनी त्या दिवशी मैदानावर नेलं होतं, हे मला आठवतं. दुकानदाराने टेप उजेडात धरली. टेपच्या पारदर्शक खिडकीतून पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली. साफ करून जेमतेम चार मिनिटांचं चित्र निघालं. खेळाडू ओळखू येत नाहीत, पण कॅमेऱ्यामागून बाबांचा आवाज येतो, "मार रे, मार!" ते जाऊन अकरा वर्षं झाली.

आमचं वास्कोचं घर साळगावकरवालं, माझं सासर पणजीचं, म्हणून धेंपोवालं. दोघांचा सामना असला की त्या दिवशी मी माहेरी फोनसुद्धा करत नसे. साळगावकरने 1988 मध्ये फेडरेशन चषक जिंकला आणि 1998-99 मध्ये राष्ट्रीय लीग, दोन्ही वेळा असं यश मिळवणारा तो गोव्याचा पहिला क्लब. पुढे 2007-08 पासून सलग सहा हंगाम आय-लीगचा, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगचा, करंडक गोव्याबाहेर गेला नाही. त्यात तीनदा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स आणि एकदा साळगावकर. एवढ्याशा राज्याने हे केलं! त्यातलं आज नातवाला दाखवायचं म्हटलं तर हाताशी काय आहे?

माझा भाचा अमेरिकेत मिशिगनला शिकतो. तिथला फुटबॉल निराळाच, चेंडू हातात घेऊन पळायचा. दर वर्षी नोव्हेंबरअखेर मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांची लढत होते. त्याने मला 1969 चा सामना दाखवला. सलग 22 सामने जिंकत आलेल्या ओहायो स्टेटला मिशिगनने 24-12 असं हरवलं, तो. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी टीव्हीवर दाखवलेला कॉलेजच्या पोरांचा सामना आजची पोरं पाहतात, त्यावर तावातावाने बोलतात. मला खरंच हेवा वाटला.

2020-21 ची आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग ही फुटबॉल स्पर्धा, संपूर्ण गोव्यात झाली. करोनामुळे प्रेक्षक नव्हते, त्यामुळे आमचं टिळक मैदान देशभर दिसलं ते रिकामं. बाबांच्या वेळचं, गच्च भरलेलं टिळक मैदान कुणी दाखवणार आहे का?

दूरदर्शनच्या पणजी केंद्राला आणि क्रीडा खात्याला माझी कळकळीची विनंती आहे. जुन्या सामन्यांचं जे चित्रीकरण शिल्लक असेल ते शोधा, संगणकावर उतरवून घ्या. लोकांच्या घरांतल्या टेपाही गोळा करा, आपल्या हवेत त्या फार दिवस तग धरणार नाहीत. आणि राज्याच्या लीगमध्ये साळगावकर–धेंपो ही जोडी समोरासमोर येईल तेव्हा तो सामना कोकणी-मराठी समालोचनासह दाखवा. आमच्या गल्लीतली म्हातारी माणसं आता मैदानाच्या पायऱ्या चढू शकत नाहीत.

माझी टेप द्यायला मी तयार आहे. काम झालं की परत मिळावी, एवढीच अट.

– एक निवृत्त मराठी शिक्षिका, पणजी