बाबा, सोमवारी मेडिकलमध्येच

ती. बाबा व सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, रागावू नका. तुम्हाला मेडिकलमध्येच, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, भरती करायचं, हे मी दादाशी बोलून पक्कं केलंय. ‘मुलगी सिस्टर आणि बाप जनरल वॉर्डात’ असं काकू म्हणणारच. म्हणू देत. पायाच्या जखमेला सर्जन, शुगरचे डॉक्टर आणि लॅब एका आवारात लागतात, रात्री २ वाजताही. गर्दी असेल, खोटं कशाला सांगू? तुम्हाला कूलरजवळची जागा मिळेल असं बघते, पातळ गादी दादा आणतोय.

एकच धास्ती आहे. तुम्हाला कमी ऐकू येतं आणि काहीही विचारलं की तुम्ही ‘हो’ म्हणता. सिस्टरने दुसऱ्याच कुणाचं नाव घेऊन ‘पांडुरंग का?’ विचारलं तरी ‘हो’च म्हणाल! खाटेचा नंबर ही ओळख नव्हे. सकाळी १२ नंबरवर असलेला माणूस दुपारी खाली गादीवर असतो. म्हणून पूर्ण नाव आणि केसपेपरचा नंबर तुम्ही स्वतः सांगायचा.

आई, आता इन्सुलिन. साध्या कुपीत एका मिलीत ४० युनिट असतात, तिला लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची १०० युनिटवाल्या कुपीची. ४० ची कुपी आणि नारिंगी सिरिंज अशी गल्लत झाली, तर १० च्या रेघेपर्यंत ओढूनही अंगात ४ च युनिट जातात. शुगर उतरत नाही म्हणून डॉक्टर डोस वाढवतात, आणि नंतर बरोबर सिरिंज हाती आली की तोच वाढीव डोस शुगर धाडकन खाली आणतो. टोपण बघत जा. सिस्टरवर खेकसू नकोस, ‘लालच आहे ना?’ एवढंच विचार.

जेवणाआधीचं साधं इन्सुलिन अर्धा तास आधी देतात. डबा हाताशी नसेल तर तसं सांग. बाबांना दरदरून घाम, थरथर, चिडचिड (नेहमीपेक्षा जास्त!) झाली तर शुगर तपासायला लाव. ७० च्या खाली असेल आणि ते पूर्ण शुद्धीवर असतील तर ३ चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. संत्रा बर्फी नको, तिच्यातल्या खव्यामुळे साखर सावकाश चढते. गुंगीत असतील तर तोंडात काहीही घालू नकोस, सिस्टरला हाक मार.

एरवी मात्र ती ट्रॉलीवर औषधं काढत असताना मध्ये बोलायचं नाही. नाईटला एकट्या सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो. मोजता मोजता कोणी हाक मारली की हातातली कुपी बदलते. सलाईन बोटभर उरली की आधीच सांगून ठेव. बाटली रिकामी झाली म्हणून लगेच हवा आत जात नाही, पण नळीत रक्त चढून गोठतं आणि बाबांना नवी सुई टोचावी लागते. नळीवरच्या चाकाला हात लावू नकोस.

ड्रेसिंगआधी हात चोळायचं रब खाटेला बांधून ठेव. ग्लोव्हज घातले तरी त्याआधी हात २०-३० सेकंद चोळायचेच. आठवण करून द्यायला लाजू नकोस.

बाबा, माझ्या तापात रात्रभर कपाळावरच्या पट्ट्या बदलायचात तुम्ही, आणि मी सोमवारी तिथे नाही. गुरुवारी दुपारी पोचते. तोवर रात्री संडासला एकटं जायचं नाही, अनवाणी तर नाहीच. निळ्या पट्ट्याची चप्पल पिशवीत वरच ठेवायला सांगितलीय.

तुमची,
छोटी