घरामागच्या रानाविषयी

कणकुंबी,
श्रावण वद्य पंचमी

प्रिय अनंता,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आल्यापासून जिवाला चैन नाही. या पावसात इथं रेंज येते-जाते, त्यात तुटक बोलणं झालं, म्हणून सरळ पत्रच लिहायला बसलो. घरामागचं रान साफ करून, जेसीबी फिरवून खोल्या बांधायच्या म्हणालास. जागा तुझ्या वाटणीची, ठरवायचं तूच. पण त्या रानात मी काय बघितलं, ते आधी तुझ्या कानावर घालायलाच हवं.

पाचवीत असताना ओहोळाकाठचा दगड उलटून तू एक काळा किडा मुठीत धरला होतास, आठवतं? त्यानं बोटांवर काहीतरी सोडलं. राख चोळली, चिंच चोळली, वास काही जाईना. रात्री काकूंनी तुला चमच्यानं भात भरवला. तो जमिनीवर शिकार करणारा भुंगेरा असणार. कॅराबिडी हे त्यांचं कुळ, जगभरात सुमारे ४०,००० जाती नोंदलेल्या. पोटाच्या शेवटाला ग्रंथी असतात, कुणी धरलं की तिथूनच तो झोंबरा रस सुटतो.

गेल्या आठवड्यात मी त्या रानात प्लास्टिकचे चार पेले पुरले, काठ मातीच्या बरोबरीला, वर पाणी पडू नये म्हणून सालीचा तुकडा. रात्री हिंडणारा किडा चालता चालता आत पडतो. सकाळी बघतो तर तिसऱ्या पेल्यात तीन भुंगेरे, तांदळाच्या दाण्याएवढे. दहापटीच्या भिंगाखाली धरला एक. पाठ काळी, पण उजेडात फिरवली की तांब्याची झाक मारते, आणि पाठीवर नांगरल्यासारख्या सरळ बारीक रेघा. पुढच्या पायाला आतून एक खाच आहे. त्या खाचेत मिशी अडकवून तो ती मुळापासून टोकापर्यंत ओढून घेत होता, आपण दोऱ्याला मेण लावतो तशी. अर्धा तास मी तेवढंच बघत बसलो. मिशीवरच त्याचं वास घेणं, चाचपणं, सगळं काही. ती चिखलानं माखली तर शिकार कशी सापडायची?

एक पेल्यातच मेला होता. त्याच्या पाठीचं कवच सुईनं उचललं. खाली घडी घातलेले उडायचे पंख असतात. याला नव्हते. दोन बारकी खुंटं तेवढी.

त्या खुंटांनी माझी झोप उडवली, अनंता. ज्याला उडताच येत नाही तो जाणार कुठं? ओहोळ, त्यावरची सावली आणि पायाखालचा ओला पालापाचोळा, एवढंच त्याचं जग. हवाई बेटांत माउईवर हालेआकाला म्हणून डोंगर आहे. तिथल्या ओल्या रानातल्या अशाच बारक्या, न उडणाऱ्या भुंगेऱ्यांच्या एका गटावर जेम्स लीबर यांनी २०१५ साली मोठा प्रबंध छापला. एका डोंगरावर ११६ जाती, त्यातल्या ७४ तोवर कुणी वर्णन न केलेल्या! डोंगराच्या या अंगाला एक जात, त्या अंगाला दुसरी. मधली वाट त्यांना ओलांडता आली नाही, म्हणून वेगळ्या होत गेल्या.

आणि नाव मिळणं सोपं नसतं. नुसता रंग बघून जात ठरत नाही. नराचं जननांग काढून शेजारच्या जातींशी ताडून बघावं लागतं. मग वर्णन छापायचं आणि एक नमुना त्या नावाचा कायमचा साक्षीदार म्हणून संग्रहालयात ठेवायचा. सोबत चिठ्ठी: गाव, तारीख, कुणी धरला. किडा हाती लागण्यापासून नाव छापून येईपर्यंत नव्या जातीला सरासरी २१ वर्षं लागतात, असा २०१२ सालचा एक अभ्यास आहे. आपल्या भागातल्या या कुळाचे मोठे ग्रंथ अँड्र्यूज यांनी लिहिले तेही १९२९ आणि १९३५ सालचे. माझ्या पेल्यातला त्यात आहे की नाही, हे जाणकारानंच सांगायचं. नमुने मी स्पिरिटात घालून ठेवलेत.

असलं काही आपल्या तालुक्यात कुठलं, असं मनात आणू नकोस. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतलं वटवाघूळ १९१३ साली शास्त्राला नवं म्हणून जाहीर झालं, ते आपल्या खानापुरातलंच. आज भीमगडच्या रानाचं नाव जगाला त्या वटवाघळामुळे ठाऊक आहे.

गेल्या उन्हाळ्यात पलीकडच्या रानातला पाला एका गुत्तेदारानं झाडून नेला, उरलेला पेटवून दिला. झाडं उभी आहेत, लांबून रान तसंच दिसतं. यंदा तिथंही चार पेले पुरले होते. मुंग्या सापडल्या, बाकी काही नाही. मला फार वाईट वाटलं रे.

तर माझं म्हणणं एवढंच. खोल्या वरच्या माळावर बांध. तिथं उन्हं येतात, गाडी दारापर्यंत जाईल, आणि तसाही तिथं करवंदीशिवाय काही नाही. ओहोळाकाठची ती पंधरा-वीस गुंठे तेवढी सोड. कुंपण मी घालतो, पाला कुणाला उचलू देणार नाही. जेसीबीवाल्याला अजून शब्द दिला नसशील तर दिवाळीपर्यंत थांब. गणपतीला येशील तेव्हा रात्री बॅटरी घेऊन दोघं जाऊ. तुझा तो दगड अजून तिथंच आहे, मी हलवलेला नाही.

काकूंना नमस्कार सांग, वहिनींनाही. पोरांना घेऊनच ये.

तुझा,
रघू