थोर वर्षाची रेड वाईन मुरण्याआधीही प्यावी

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील वाईनविषयक लेखाचा सूर असा होता की, उंची रेड वाईन पंधरा-वीस वर्षे मुरू द्यावी, त्याआधी ती उघडणे म्हणजे पैसे वाया घालवणे. लोणचे आणि मुरांबा मुरवून खाणाऱ्या आपल्या समाजाला हे चटकन पटते. परंतु फ्रान्समधील बोर्दो शहराच्या परिसरातील वाईनच्या नावाजलेल्या वर्षांबाबत (वर्ष म्हणजे तिची द्राक्षे तोडली ते वर्ष) हा सल्ला अपुरा आहे, असे मला त्या शहरात नोकरीनिमित्त काही वर्षे राहिल्यानंतर ठामपणे वाटते.

द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन असते. कोवळ्या वाईनने हिरडा चघळल्यासारखी जीभ आवळते ती त्यामुळेच. उन्हाळा उबदार गेला आणि सप्टेंबरात पावसाने घात केला नाही, की साल पूर्ण पिकते व हे टॅनिन मऊ होते. त्यामुळे जे वर्ष थोर ठरते, त्याची वाईन पुष्कळदा कोवळ्या वयातही गोडी लावते. १९८२ची बोर्दो सुरुवातीपासूनच इतकी मऊ होती की ती टिकणार नाही, अशी शंका काही जाणकारांनी घेतली होती. अमेरिकी समीक्षक रॉबर्ट पार्कर यांनी मात्र तिची मुक्तकंठाने स्तुती केली आणि तिच्या उत्तम बाटल्या तीस वर्षांनंतरही उतरल्या नाहीत. याउलट १९७५च्या अनेक कडक वाईनमध्ये तुरटपणा विरण्याची वाट पाहता पाहता फळाची चवच ओसरून गेली.

मी बोर्दोजवळच्या मेदोक भागातील २००९ सालच्या वाईनच्या सहा बाटल्या घेतल्या होत्या. पहिली २०१२मध्ये, म्हणजे ती बाटलीबंद झाल्यावर वर्षभराने, तिथेच उघडली. रंग पेल्याच्या कडेपर्यंत गर्द जांभळा होता आणि ब्लॅककरंट या काळ्या, आंबटगोड फळाचा व ताज्या ओक लाकडाचा वास खोलीभर पसरला होता. तो ताजेपणा मला पुढच्या कोणत्याही बाटलीत पुन्हा मिळाला नाही. जुन्या वाईनला चामड्याचा, तंबाखूचा, ओल्या पालापाचोळ्याचा गंध येतो आणि तो मलाही अतिशय प्रिय आहे. पण तो फळाच्या जागी येतो, फळासोबत नव्हे. शिवाय मधली काही वर्षे अशी वाईन अबोल होते, तिला ना धड गंध असतो ना चव, आणि हा काळ कधी सुरू होईल हे कुणालाच नेमके सांगता येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. मुरवायची वाईन बारा-चौदा अंश तापमानात, अंधारात, आडवी ठेवावी लागते. मी दोन बाटल्या पुण्याला आणून कपाटात ठेवल्या. सहा उन्हाळ्यांनंतर पाहिले तेव्हा एकीचे बूच वर सरकले होते आणि आतली वाईन आटवलेल्या जॅमसारखी लागत होती. ज्याच्या घरी वाईनसाठी वेगळा फ्रीज नाही, त्याने मे महिना उजाडण्यापूर्वीच अशी बाटली उघडावी, हे मी कळकळीने सांगतो.

एकापेक्षा अधिक बाटल्या असतील, तर एक तरी पहिल्या चार-पाच वर्षांत प्यावी. दोन तास आधी ती रुंद तोंडाच्या काचेच्या भांड्यात ओतून ठेवावी, सोळा ते अठरा अंशांवर पेल्यात घ्यावी आणि सोबत मटण असावे, कारण मांसातील प्रथिनांशी टॅनिन बांधले जाते आणि उरलासुरला तुरटपणाही बोचत नाही. मसाला मात्र बेताचा ठेवावा; झणझणीत रश्श्यापुढे ही वाईन कडवट लागते.

— एक वाचक, पुणे